ओट्यासमोरची भिंत : मराठी स्वयंपाकघरात अक्षराला मिळालेली जागा

टॅब्लेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातला टॅब, स्वयंपाक करताना डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून ओट्यामागच्या भिंतीवर बसवलेली खाचेची लाकडी पट्टी ही वस्तू म्हणून अगदीच किरकोळ आहे; दोन फळकुटे, चार स्क्रू आणि थोडी सवड एवढ्यावर ती तयार होते. मात्र ती पट्टी काय काय गृहीत धरते हे मोजू लागले, की तिच्यामागचा बराच मोठा इतिहास दिसू लागतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती उभी आहे, तिच्यासमोर मोकळी भिंत आहे, तिला वाचता येते, हातातले काम चालू असताना काही वाचण्याची तिला गरज पडते आणि लिहिलेली वस्तू विस्तवाजवळ आणण्यास घरात कोणाची हरकत नाही, अशी पाच गृहीतके त्या पट्टीत दडलेली आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत यांपैकी एकही गृहीतक लागू पडले नसते. ही गृहीतके एकेक करून कशी लागू पडत गेली आणि त्या ओघात स्वयंपाकघरातील भिंतीचे काम कसे बदलले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

जुने मराठी स्वयंपाकघर, मग ते पुण्यातील वाड्याचे असो की कोकणातील कौलारू घराचे, बसून वापरण्याचे होते. चूल जमिनीलगत असे. तिच्या बाजूला जोडलेल्या आणि मुख्य जाळाच्या उरलेल्या धगीवर चालणाऱ्या दुसऱ्या तोंडाला वैल म्हणत, आणि भाताचे भांडे उतरले की आमटी तेथे सरकवली जाई. स्वयंपाक करणारी स्त्री पाटावर बसे. विळी, पोळपाट, पाटा-वरवंटा, परात ही सगळी साधने जमिनीवर, हाताच्या टप्प्यात मांडलेली असत. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात आणि त्यांची नजर समोर जाण्यापेक्षा खाली, जाळाकडे आणि भांड्याच्या तोंडाकडे वळलेली असते. चुलीमागची भिंत धुराने काळी झालेली असल्यामुळे ती सारवावी लागे आणि पाहण्यासारखे तिच्यावर काही नसे. साठवणीची रचनाही या बसण्याला धरूनच होती. एकावर एक चढत्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या मडक्यांची उतरंड जमिनीवरून वर जाई, तर दूध, दही, लोणी मांजरापासून वाचवण्यासाठी दोऱ्यांचे शिंके आढ्याला किंवा वाशाला टांगलेले असे. या दोहोंच्या मधल्या भिंतीत कोनाडे, फडताळे आणि देवळ्या असत.

कोनाडा हा जाड भिंतीचा फायदा घेऊन केलेला पोकळ भाग होय. माती, दगड किंवा विटांच्या रुंद भिंतीत बांधतानाच जागा सोडली, की फळी, खिळा किंवा सुतार यांपैकी कशाचीही गरज न पडता वस्तू ठेवण्याची सोय होई आणि ती खोलीत पुढे आलेली नसल्याने कोणाच्या डोक्याला लागतही नसे. अशाच खोल कोनाड्याला कप्पे आणि लाकडी दारे बसवली म्हणजे ते फडताळ होई. देवळी म्हणजे लहान, वरून बहुधा कमानदार असलेला कोनाडा. तेलाचा दिवा ठेवण्यासाठी तो खास केला जाई. पुढे रॉकेलची चिमणी आणि ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील आला, तेव्हा चिमणीने देवळीत बस्तान बसवले आणि कंदील खुंटीवर गेला.

देवळीकडे बारकाईने पाहिले, तर तिच्या जागेमागे काही साधे नियम दिसतात. दिवा हाताशी हवा, पण काम करणाऱ्या हाताच्या वाटेत नको. पाण्याच्या शिंतोड्यांपासून आणि वाऱ्याच्या झोतापासून तो दूर हवा. आणि त्याचा उजेड जेथे काम चालते तेथेच पडायला हवा. दिव्याच्या काजळीने देवळीच्या माथ्यावर जिभेसारखा काळा पट्टा उमटे आणि त्या पट्ट्यावरून ही जागा किती पिढ्या वापरात होती हे कळत असे. स्वयंपाकघराच्या भिंतीत डोळ्यांच्या सोयीसाठी राखलेली सर्वांत जुनी जागा हीच होय, मात्र ती उजेडासाठी होती. अक्षराला तेथे स्थान नव्हते.

अक्षराची जागा घरात दुसरीकडे होती आणि तिच्यासाठी स्वतंत्र साधनही होते. एकाच जाड फळीला दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत कापून, मधल्या भागात एकमेकांत गुंतणारी बोटे कोरून, खिळा किंवा बिजागरी न वापरता फुलीच्या आकारात उघडणारी घडवंची सुतार करीत. मुसलमान घरांत आणि मदरशांत कुराण ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या घडवंचीला रेहल म्हणतात, तर ज्ञानेश्वरीच्या किंवा भागवताच्या वाचनात ग्रंथ ठेवण्याच्या आसनाला मराठीत व्यासपीठ हा शब्द आहे. या आसनाचा उतार वाचकाच्या नजरेला ग्रंथ सरळ भिडेल असा असतो, आणि त्यामुळे हात मोकळे राहतात. पोथी मात्र सुट्या, आडव्या पानांची असे. ती रुमालात बांधून ठेवली जाई आणि वाचताना एकेक पान उलटून बाजूला ठेवावे लागे. ओल्या, पिठाळ किंवा तेलकट हाताला त्या व्यवहारात जागा नव्हती, म्हणून ग्रंथ देवघरात किंवा ओटीवर राहिला आणि ते साधन सुताराच्या हाती असूनही स्वयंपाकघरात आले नाही.

यामागे सोयीपेक्षा मोठे कारण सोवळ्याचे होते. सोवळे म्हणजे स्नानानंतर धुतलेले किंवा रेशमी वस्त्र नेसून, कोणाचा वा कशाचा स्पर्श होऊ न देता स्वयंपाक आणि पूजा करण्याचा नियम. तो विशेषतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत कडक असे. अनेक हातांतून आलेला कागद अशा ठिकाणी ओवळा ठरे, आणि छापील कागदाबद्दल तर वेगळाच संशय होता, कारण छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते असे मानले जाई. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये मराठी पंचांग छापून विकायला काढले, तेव्हा या संशयावर उपाय म्हणून त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई तयार केल्याची हकिकत मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंदलेली आहे. तिथी, नक्षत्र आणि मुहूर्त सांगणारे छापील पुस्तक धार्मिक घरांत शिरावे यासाठी मुद्रकाला स्वयंपाकघरातलाच पदार्थ शाईत घालावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे. पंचांग त्यानंतर घराघरांत रुळले, परंतु त्याचीही जागा देवघराजवळच्या कोनाड्यात होती. चुलीपासून ते अजून एक खोली दूर होते.

लिहिलेला शब्द चुलीजवळ येण्यासाठी स्वयंपाक करणारीला वाचता येणे आणि वाचण्याची गरज पडणे या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तरी पुढची कित्येक दशके लिहिणारी-वाचणारी सून हा घरातील बायकांच्याच टीकेचा विषय होत असे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या टीकेचे सविस्तर चित्र सापडते. त्याच सुमारास पाककृतींची पुस्तके निघू लागली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले, आणि १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ हे हजार पाकक्रियांचे पुस्तक आले. दोन्हींच्या मधल्या ३५ वर्षांत लेखकाच्या जागी लेखिका आली, एवढ्यावरूनही बदलाची दिशा कळते. तरीही सुरुवातीच्या अशा ग्रंथांचा उपयोग पुष्कळदा शांतपणे बसून वाचण्याचा होता. रोजचा वरणभात, भाकरी, पिठले किंवा फोडणी यांसाठी पुस्तक उघडण्याचे कारण नव्हते, कारण ते ज्ञान हाताला ठाऊक असे. आणि जे ठाऊक नसे ते सांगायला सासू, आत्या किंवा थोरली जाऊ शेजारच्याच पाटावर बसलेली असे. मीठ किती, या प्रश्नाचे उत्तर तिच्या चिमटीत दिसत असे.

हे चित्र पालटले ते कुटुंब लहान झाल्यामुळे. नोकरीसाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा त्याहून दूर गेलेल्या जोडप्याने वेगळे बिऱ्हाड मांडले, की शेजारचा पाट रिकामा होई. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि लग्न ठरलेल्या किंवा परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात घालण्याचे पुस्तक म्हणून ते घरोघरी गेले, यामागे हेच कारण होते. त्यातील मापे वाटी आणि चमचा अशी, घरात हाताशी असलेल्या भांड्यांची होती. अंदाजाच्या जागी माप आले, की पुस्तकाचा वापरही बदलतो. अंदाज एकदा डोक्यात बसला की बसतो; पण पाऊण वाटी आणि दीड चमचा हे कणीक भिजवता भिजवता, म्हणजे दोन्ही हात परातीत असताना, पुन्हा पाहावे लागते. हळदीच्या बोटांचे डाग आणि तेलाने पारदर्शक झालेले कोपरे ज्या पानांवर जास्त, ती पाने जास्त वापरातली असे कोणत्याही जुन्या प्रतीवरून ओळखता येते. त्या डागांतून एक व्यावहारिक प्रश्न पुढे येतो : पुस्तक ठेवायचे कोठे, आणि ते आपोआप मिटू नये म्हणून त्यावर काय ठेवायचे? बहुतेक घरांत उत्तर होते, वरवंटा किंवा जड वाटी.

तोपर्यंत स्वयंपाक करणारी उभी राहू लागली होती, आणि या सबंध इतिहासातला निर्णायक बदल तोच आहे. तो एका दिवसात झाला नाही. मुंबईत १९२० च्या दशकात सरकारी विकास विभागाने बांधलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली मिळे, आणि तेवढ्यातच स्वयंपाक, झोपणे, बसणे आणि मोरी सामावलेली असे. अशा खोलीत धूर करणारी लाकडाची चूल परवडण्यासारखी नव्हती, म्हणून कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह आला. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये तयार केलेला, हवा भरून पेटवायचा प्राइमस स्टोव्ह आणि त्याच्या नमुन्यावरचे स्टोव्ह शहरी घरांत सर्वत्र पोचले. भसभस आवाज करणाऱ्या त्या स्टोव्हला पिन मारणे हे रोजचे काम झाले. स्टोव्ह प्रथम जमिनीवरच राहिला, कारण बसण्याची सवय जुनी होती. परंतु तो उचलता येत असल्याने लाकडी टेबलावर किंवा बांधलेल्या ओट्यावर ठेवणे शक्य झाले. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधील गॅस विकण्यास सुरुवात केली, आणि जड सिलिंडर खाली व शेगडी वर अशी मांडणी रूढ होऊ लागली तेव्हा ओटा हा स्वयंपाकघराचा कणा ठरला. महाराष्ट्रात तो बहुधा कडप्प्याचा असे. कडप्पा म्हणजे आंध्रातील त्या नावाच्या जिल्ह्यातून येणारा काळा, पातळ लाद्यांत निघणारा चुनखडीचा दगड, जो पुसायला सोपा आणि संगमरवरापेक्षा स्वस्त होता. ओट्याची उंची साधारण पावणेतीन फूट ठरली आणि त्यामागच्या भिंतीवर तेल पुसता यावे म्हणून टाइल्स लागल्या.

उभे राहिल्याबरोबर डोळे साडेचार-पाच फुटांवर गेले आणि समोर, हातभर अंतरावर, भिंत आली. गॅसला धूर नसल्याने ती भिंत काळी होत नव्हती, त्यामुळे तिच्यावर काही लावणे शक्यही झाले. या भिंतीवर पहिली हक्काची जागा मिळवली ती एका खिळ्याने, आणि त्या खिळ्यावर दिनदर्शिका आली. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले. पंचांगातील तिथी, सण आणि उपवास त्यांनी महिन्याच्या चौकोनांत आणले आणि पानांच्या मागे पाककृतींसह घरोपयोगी मजकूर दिला. देवघराजवळच्या कोनाड्यातले पंचांग असे दोन पावलांनी स्वयंपाकघरात पोचले. गृहिणीने त्या चौकोनांना आणखी एक काम दिले : दूध किती घेतले, पेपर कोणत्या दिवशी आला नाही, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला याच्या नोंदी पेन्सिलीने होऊ लागल्या आणि ती पेन्सिल दोऱ्याने त्याच खिळ्याला टांगली गेली. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ आणि दुधाचा अर्धा लिटर एकाच चौकोनात बसले. मराठी स्वयंपाकघरातील भिंतीवर वाचण्याचे आणि लिहिण्याचे हे पहिले स्थिर ठिकाण होते.

दिनदर्शिकेच्या जोडीला फळीवर रेडिओ आला. मुंबईचे आकाशवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झालेल्या खासगी प्रक्षेपणातून वाढले, परंतु जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मोठा, महाग आणि विजेच्या तारेला बांधलेला असल्यामुळे तो बाहेरच्या खोलीत मानाने राहिला. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने तो बंध तोडला आणि रेडिओ मसाल्याच्या डब्यांशेजारी जाऊन बसला. त्याला हातही लागत नव्हते आणि डोळेही लागत नव्हते. बातम्यांची वेळ झाली म्हणजे कुकर लावायचा, असे घड्याळाचे कामही तो करी.

याच काळात पश्चिमेकडे हाच प्रश्न यंत्रांच्या साहाय्याने सोडवण्याचे प्रयत्न चालू होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी विकल्या गेलेल्या हूसियर कपाटांच्या दारांच्या आतल्या बाजूस वाणसामानाच्या याद्या आणि मापांचे तक्ते लावलेले असत. जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेले, एका व्यक्तीच्या हालचाली मोजून बेतलेले स्वयंपाकघर सुमारे १०,००० घरांत बसवले गेले. श्रमशास्त्राच्या अभ्यासक लिलियन गिल्ब्रेथ यांनी तर १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात गृहिणीसाठी बेरजेचे यंत्र, टेलिफोन, रेडिओ आणि फाइली असलेले मेज मांडले. या मालिकेतील सर्वांत विक्षिप्त वस्तू १९६९ ची आहे : हनीवेल कंपनीचा संगणक नीमन मार्कस या दुकानाच्या यादीत पाककृती साठवणारे यंत्र म्हणून १०,६०० डॉलरना विक्रीस ठेवला गेला. त्याला भाजी चिरण्याची फळी जोडलेली होती, पण माहिती घालण्यासाठी कळा आणि वाचण्यासाठी लुकलुकणारे दिवे एवढीच सोय होती, आणि ती वापरायला दोन आठवड्यांचे शिक्षण लागणार होते. तो एकाही घरात गेल्याची नोंद नाही. स्वयंपाकघरातील अक्षर हे आधी सहज वाचता आले पाहिजे, ही साधी गोष्ट त्या यंत्राच्या रचनेत सुटली होती.

ती गोष्ट साधली २०१० नंतर, आयपॅड आणि पाठोपाठ आलेल्या स्वस्त टॅबमुळे. पुस्तक, दिनदर्शिका, रेडिओ आणि दूरचित्रवाणी ही चारही कामे एका पातळ पाटीत आली, आणि त्याबरोबर त्या चारही वस्तूंच्या अडचणी आल्या. टॅब उभा राहत नाही; आडवा ठेवला तर ओट्यावरची जागा खातो आणि पाण्यात सापडतो; काच ओल्या बोटाला नीट दाद देत नाही आणि पिठाळ बोटाने धुरकट होते. म्हणून तो भिंतीवर न्यावा लागला. भिंतीवर वस्तू बसवण्याचे तंत्र दरम्यान बदलले होते. पूर्वी विटेत भोक पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकत आणि तिच्यात स्क्रू फिरवत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे लावण्याच्या कामातून जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची गिट्टी तयार केली. स्क्रू आत गेला की ती फुगून भोकाच्या कडा धरून ठेवते. आजची प्लॅस्टिकची गिट्टी तिचीच वंशज आहे.

साध्या पट्टीची घडण त्यामुळे अवघड राहिलेली नाही. सागाची किंवा प्लायची टॅबपेक्षा थोडी रुंद फळी पाठीला घ्यायची. खालच्या कडेला, पुढे आलेल्या पट्टीत पटाशीने अर्धा-पाऊण इंच रुंदीची खाच काढायची, म्हणजे संरक्षक आवरणासह टॅब तिच्यात सैलसर उभा राहतो. चार्जरच्या तारेसाठी खाचेच्या मध्यावर भोक ठेवायचे. आणि वरची कड भिंतीकडे झुकेल असा थोडा उतार द्यायचा, कारण सरळ उभा टॅब पुढे पडतो. तिची जागा शेगडीच्या बरोबर वर नसावी, कारण वाफ आणि फोडणीचे तेल तेथे सर्वाधिक उडते. ती नळापासूनही लांब हवी. आणि जेथे चिरणे-मळणे चालते त्या भागासमोर, उभ्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या थोडी खाली हवी. हाताशी, पण हाताच्या वाटेत नाही; पाण्यापासून दूर; कामाच्या जागेकडे तोंड केलेली. हे सगळे देवळीचेच नियम आहेत. उतार व्यासपीठाकडून आलेला आहे आणि भिंतीवरची जागा दिनदर्शिकेच्या खिळ्याने मिळवून दिलेली आहे.

नवा आहे तो मजकुराचा स्वभाव. वाड्यातल्या चुलीपाशी शिकवणारी व्यक्ती शेजारी होती आणि भिंत मुकी होती. ‘रुचिरा’च्या काळात व्यक्तीची जागा पानाने घेतली, पण पान एकच गोष्ट सांगे आणि चुकले तर गप्प राही. टॅबवरील चलचित्रात पुन्हा एक बाई, तिचे हात आणि तिचा आवाज असतो. पुरण किती घट्ट हवे हे ती उलथण्यावरून पडणाऱ्या गोळ्याने दाखवते, म्हणजे चिमटीने शिकवण्याची जुनी रीत काचेतून परत आलेली आहे. फरक एवढाच, की समोरच्या कढईतले पुरण तिला दिसत नाही आणि ते करपू लागले तर ती हाक मारत नाही. लेकीने अमेरिकेतून व्हिडिओ कॉल लावला आणि आई पुण्याहून पाहू लागली, तर मात्र तेवढेही अंतर मिटते. त्याच खाचेत उभ्या केलेल्या टॅबमधून आई म्हणते, ‘‘गॅस बारीक कर गं आता,’’ आणि भिंत काही मिनिटांपुरती शेजारच्या पाटाचे काम करते.